डॉलर नव्वदच्या पुढे गेला, मग सोलापूरच्या टॉवेलवाल्याचे पैसे गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना, महिन्याला साधारण ६०,००० डॉलरचा माल अमेरिकेला जातो. जुलै २०२५ मध्ये ऑर्डर घेतली तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. पैसे आले डिसेंबरात, डॉलर ९० च्या वर गेल्यावर. "टीव्हीवर म्हणतात निर्यातदारांची चांदी आहे. मला तर गेल्या वर्षीपेक्षा कमी सुटले. बँक फसवते का? पुढच्या ऑर्डरचे डॉलर ९५ ची वाट पाहत ठेवू की आत्ताच फॉरवर्ड करू, म्हणजे पुढं येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून टाकू? आणि एक सल्लागार 'झिरो कॉस्ट' योजना घेऊन मागं लागलाय, ती घ्यावी का?"

मी एका बँकेच्या ट्रेझरीत, डॉलर-रुपयाच्या टेबलावर, जवळजवळ पंचवीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे. तेव्हा "बँक फसवते का" याचं उत्तर मोकळेपणानं देऊ शकतो: थोडंसं. पण तुमची मोठी रक्कम तिथं गेलेली नाही.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एक ओळ जाता जाता लिहिलीय: "पॅकिंग क्रेडिट डॉलरमध्येच घेतो, व्याज कमी पडतं म्हणून." पॅकिंग क्रेडिट म्हणजे ऑर्डरचा माल तयार करण्यासाठी बँक देते ते कर्ज. खरी मेख त्या ओळीत आहे. टीव्हीवर बोलणाऱ्यांना ती माहीत नसते आणि बँकेतला माणूस ती आपणहून समजावून सांगत नाही.

डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे बँकेच्या भाषेत पीसीएफसी, घेतल्यावर नेमकं काय होतं ते बघा. ऑर्डर ६०,००० डॉलरची, बँकेनं तिच्या पाऊण पट म्हणजे ४५,००० डॉलर कर्ज दिलं. ते डॉलर सूतवाल्याला, डाइंगवाल्याला, कामगारांना देता येत नाहीत. म्हणून बँकेनं त्याच दिवशी ते विकले आणि रुपये तुमच्या खात्यात टाकले. जुलैच्या मध्यात भाव होता ८५.९० च्या आसपास. डिसेंबरात बायरचे ६०,००० डॉलर आले, त्यातल्या ४५,००० नी कर्ज फिटलं. डॉलर आले आणि डॉलरच गेले, रुपया मध्ये आलाच नाही. मग त्या ४५,००० डॉलरचा तुमचा भाव कोणता? जुलैचा, ८५.९०. तुम्ही ते पाच महिने आधीच विकून बसला होता. नव्वदचा आनंद तुम्हाला फक्त उरलेल्या १५,००० वर घ्यायचा होता.

त्या १५,००० तूनही व्याज गेलं. सहा टक्के धरले तर पाच महिन्यांचे १,१२५ डॉलर. आणि मग बायरनं मागितलेली पाच टक्के सूट, म्हणजे ३,००० डॉलर. हातात आले १०,८७५. ते बँकेनं ८९.६५ नी घेतले. ८६ च्या हिशेबापेक्षा तुम्हाला जास्त मिळाले ते साधारण ३९,७०० रुपये. तुमच्या डोक्यात होते ६०,००० गुणिले चार, दोन लाख चाळीस हजार. आणि नुसत्या सुटीपायी ८६ च्या भावानं गेले दोन लाख अठ्ठावन्न हजार. आता कळलं असेल गेल्या वर्षीपेक्षा कमी का सुटले.

यावर लगेच "मग पुढच्या वेळी रुपयातलंच पॅकिंग क्रेडिट घेतो" असं ठरवू नका. सरकारची निर्यात कर्जावरची व्याज सवलत योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, त्यामुळे २०२५ मध्ये रुपयातलं कर्ज पूर्ण दरानं पडलं. समजा नऊ टक्के. रुपयात कर्ज घेऊन डॉलर फॉरवर्डमध्ये विकले तर आजच्या भावावर थोडे जादा पैसे म्हणजे प्रीमियम मिळतो, तो वर्षाला दोन टक्के धरला तर खरा खर्च सात. डॉलरचं कर्ज सहा. फरक आहे तो एखाद्या टक्क्याचा, आणि तो पीसीएफसीच्या बाजूनं आहे. तुमचा निर्णय चुकीचा नव्हता. पीसीएफसी म्हणजे स्वस्त कर्ज आणि शिवाय डॉलरची आगाऊ विक्री, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच. आणि हे न कळल्यामुळे होणारी याहून मोठी चूक मी अनेकदा पाहिली आहे: पीसीएफसी घ्यायचं आणि त्याच ऑर्डरवर पूर्ण ६०,००० चं फॉरवर्डही करायचं. मग मुदतीच्या दिवशी द्यायला ४५,००० डॉलर कमी पडतात, आणि तेवढं फॉरवर्ड त्या दिवशीच्या भावानं रद्द करावं लागतं. रुपया घसरलेला असेल तर फरक खिशातून.

आता सुटीबद्दल. बायरनं पाच टक्के मागितले ते दोन कारणांनी, आणि त्यातलं एकच त्यानं तुम्हाला सांगितलं असेल. सांगितलेलं कारण अमेरिकेचं आयात शुल्क. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या नावाखाली आणखी २५, असे मूळ शुल्कावर ५० टक्के भारतीय कापडावर चढले. पाकिस्तानवर तेव्हा तेच १९, तुर्कस्तानवर १५, बांगलादेशावर २०. टॉवेलच्या धंद्यात तुमचे खरे प्रतिस्पर्धी कराची-फैसलाबादचे आणि तुर्कस्तानातल्या देनिझलीचे. रुपया २०२५ च्या अख्ख्या वर्षात डॉलरच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या आसपास घसरला. एकतीस टक्क्यांचं अंतर पाच टक्क्यांच्या घसरणीनं भरून निघतं असं सांगणाऱ्या माणसानं कधी कंटेनर भरलेला नसतो.

न सांगितलेलं कारण असं की बायरच्या टेबलावरही डॉलर-रुपयाचा भाव दिसतो. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या खरेदीदाराकडं भारत, पाकिस्तान, तुर्कस्तान, चीन अशा प्रत्येक देशाच्या चलनाचा तक्ता असतो. ८६ चे ९० झाले की त्याला वाटतं, यात माझाही वाटा आहे. माझ्या एका जुन्या ग्राहकाला बायरनं मेलमध्ये सरळ आकडा लिहून पाठवला होता, तुमच्या रुपयामुळे तुम्हाला एवढे जास्त मिळतात, निम्मे आम्हाला द्या. त्याला राग आला होता. मला त्या बायरचं कौतुक वाटलं, कारण त्यानं मोघम "मार्केट डाऊन आहे" न म्हणता हिशेब मांडला.

कच्च्या मालाचंही थोडं तसंच. सूत तुम्ही देशातच घेता, पण कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्याकडं डोळा ठेवून चालतो, आणि बाहेरचा कापूस आणायचा म्हटलं तर घसरलेल्या रुपयानं तो महाग पडतो. सरकारनं १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, त्याचा थोडा हातभार लागला. रंग, रसायनं, जहाजाचं भाडं हे सगळं उघड किंवा आडून डॉलरमध्येच असतं. म्हणून मी निर्यातदाराला नेहमी विचारतो: विक्रीचे शंभर डॉलर धरले तर त्यातले खऱ्या अर्थानं रुपयात खर्च होणारे किती? मजुरी, वीज, भाडं, व्याज, कर. टॉवेलमध्ये हा वाटा सॉफ्टवेअरपेक्षा बराच कमी. रुपया पडला की आयटीवाले खूश का होतात आणि तुम्ही का होत नाही, ते यात आलं.

आता बँकेचं ते "थोडंसं".

ज्या दिवशी बाजारात ९० चालू होता त्या दिवशी तुम्हाला ८९.६५ मिळाले. ३५ पैशांतले काही पैसे खरोखर बाजाराचे असतात. टीव्हीवर दिसणारा भाव स्पॉटचा, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनंतरच्या देवाणघेवाणीचा. तुम्हाला आज रुपये हवे असतील तर कॅश भाव लागतो, तो एक-दोन पैसे खाली असतो, वीकेंड किंवा सुट्ट्या मध्ये आल्या तर थोडा जास्त. बाकीचं बँकेचं मार्जिन. ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, ते मागून कमी करून घ्यायचं असतं. मी टेबलावर असताना एकाच दिवशी, एकाच तासात, मोठ्या कंपनीला दोन पैशांवर आणि लहान कारखानदाराला चाळीस पैशांवर भाव दिलेला आहे. लहान कारखानदार शाखेतून फोन करायचा, शाखा आम्हाला विचारायची, आम्ही आमचं ठेवायचो, शाखा तिचं ठेवायची. फरक एवढाच होता की मोठ्या कंपनीचा माणूस समोर स्क्रीन उघडून बसलेला असायचा.

तुमच्यासाठी आता ती स्क्रीन आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या उपकंपनीनं ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं. त्यावर नोंदणी करायची, आपली बँक निवडायची, बँकेचं मार्जिन आधीच ठरवून घ्यायचं आणि मग आंतरबँक बाजाराच्या जवळच्या भावानं डॉलर विकायचे. शाखेत विचारलंत तर पहिल्यांदा "आमच्याकडे नाही" असं उत्तर यायची शक्यता आहे. दुसऱ्यांदा लेखी विचारा. नोंदणी करून वापरला नाही तरी चालेल. वापरू शकतो हे बँकेला कळलं की ३५ पैशांचे दहा व्हायला वेळ लागत नाही. महिन्याला ६०,००० डॉलरवर २५ पैसे म्हणजे १५,००० रुपये, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. एका कामगाराचा पगार निघतो.

फॉरवर्ड करायचं की वाट पाहायची, हा तुमचा मुख्य प्रश्न, आणि इथं मी थोडा कडक बोलणार आहे.

९५ होईल का? होऊही शकेल. २०२५ मध्ये परदेशी संस्थांनी आपल्या शेअर बाजारातून भरपूर पैसे काढले, ऑक्टोबरात सोन्याची आयात जवळपास १४.७ अब्ज डॉलरवर गेली आणि त्या एका महिन्यात व्यापारी तूट ४१ अब्जांच्या पुढे, विक्रमी. ३ डिसेंबरला ९० ओलांडलं तेव्हा बाजारात कुणाला धक्का बसला नाही. रिझर्व्ह बँक सांगतेच की ती ठरावीक भाव राखत नाही, अवाजवी चढउतार तेवढे थोपवते. तिची गंगाजळी सप्टेंबर २०२४ मध्ये ७०४ अब्ज डॉलरवर होती, जानेवारी २०२५ मध्ये ती ६२४ अब्जांपर्यंत खाली आली. थोपवायला पैसे लागतात. हे सगळं खरं असूनही तुमच्या निर्णयाला त्याचा फारसा उपयोग नाही.

कारण २०२५ सालातलीच गोष्ट घ्या. १० फेब्रुवारीला रुपया ८८ ला टेकायच्या बेतात होता. तेव्हाही सगळे ९० बोलत होते. ज्यांनी डॉलर धरून ठेवले त्यांना मेच्या सुरुवातीला ८४ च्या खालचा भाव दिसला. तीन महिन्यांत चार रुपये उलटे. तीन महिने हा तुमच्या एका ऑर्डरचा काळ आहे. ९० पुढं आलाच, पण फेब्रुवारीचे डॉलर डिसेंबरपर्यंत ठेवता येत नाहीत. परकी चलनाच्या ईईएफसी खात्यात डॉलर ठेवले तरी पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ते रुपयात बदलावे लागतात, आणि त्या खात्यावर व्याज शून्य.

त्याआधीचं उदाहरण २०१३ चं, आणि त्यात माझीही चूक आहे. मेमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडनं, रोखे खरेदी आवरती घेण्याचा नुसता उच्चार केला आणि रुपया ५५-५६ वरून सुटला तो २८ ऑगस्टला ६८.८५ ला गेला. त्या दुपारी नाशिककडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा मला फोन आला, विकू का म्हणून. मी म्हणालो, दोन दिवस थांबा, ७० दिसेल. मनापासून वाटत होतं तसं. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना सवलतीच्या दरानं अदलाबदलीची खिडकी उघडली आणि ऑक्टोबरच्या मध्याला भाव ६१ च्या घरात. ते गृहस्थ ६२ ला विकून मोकळे झाले. मला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर माझं मत कधी विचारलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

तर मत नको, रीत हवी. रीत म्हणजे अशी. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाव एकच: ज्या भावानं तुम्ही बायरला किंमत सांगितली तो. त्याला कॉस्टिंगचा भाव म्हणा. ८६ धरून कोटेशन दिलं आणि त्यात तुमचा आठ टक्के नफा बसतो, तर ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी ८६ किंवा त्याच्या वर फॉरवर्ड मिळतंय का, एवढंच बघायचं. मिळत असेल तर विकायचं. नंतर डॉलर ९० झाला म्हणून हळहळायचं नाही, कारण ८२ झाला असता तर आठ टक्क्यांतले साडेचारच्या वर गेले असते आणि बँकेचा हप्ता चुकला असता. तुम्ही टॉवेल विणण्याचा धंदा करता. रुपयावर पैसे लावायचे असतील तर तो वेगळा धंदा आहे, त्याला वेगळं भांडवल लागतं आणि वेगळं काळीज.

कोटेशन देताना मात्र स्पॉटचा भाव धरू नका. निर्यातदाराला फॉरवर्डवर प्रीमियम मिळतो, कारण रुपयाचे व्याजदर डॉलरपेक्षा जास्त आहेत. तो रोज बदलतो. पूर्वी चार-पाच टक्के असायचा, २०२३-२४ मध्ये बराच काळ दीड ते अडीचच्या दरम्यान राहिला. ९० च्या स्पॉटवर वर्षाला दोन टक्के म्हणजे तीन महिन्यांना ४५ पैसे. हा पैसा तुमचा आहे. बँका तो देताना एक खुबी करतात. पैसे नक्की कोणत्या तारखेला येतील ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून तुम्ही "मार्चमध्ये केव्हाही" असं फॉरवर्ड मागता. मग प्रीमियम फेब्रुवारीअखेरपर्यंतचाच मिळतो, मार्चचा बँकेकडं राहतो. बायर नेहमी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच पैसे पाठवणारा असेल तर महिनाभराची मुभा घेऊ नका, आठवड्याची घ्या. काही पैसे वाचतात.

किती टक्के विकायचं? तुमच्या बाबतीत पीसीएफसीमुळे पाऊण हिस्सा आधीच विकला जातो. व्याजाचे डॉलर बाजूला ठेवले तर उरतात साधारण १४,०००. त्यातले निम्मे ऑर्डरच्या दिवशी फॉरवर्ड करा, निम्मे मोकळे राहू द्या. मोकळे ठेवण्याचं कारण भाव वाढेल हे नाही. बायर सूट मागतो, माल कमी जातो, एखादी गठडी परत येते. सगळंच बांधून टाकलं आणि तेवढे डॉलर आले नाहीत तर रद्द करण्याचा खर्च अंगावर येतो. ८६.५० नी बांधलेले ५०,००० डॉलर आलेच नाहीत आणि भाव ९० असेल तर पावणेदोन लाख रुपये भरावे लागतात, विकायला काही नसताना. अमेरिकेच्या शुल्काचा घोळ चालू असताना ऑर्डर रद्द होण्याची भीती रुपयाच्या भीतीपेक्षा मोठी आहे.

आता तो सल्लागार. इथं मला थोडं मागं जाऊ द्या, कारण त्याच्या हातातला कागद मी ओळखतो. मी तसे कागद विकलेले आहेत.

२००७ साली रुपया घसरत नव्हता, वधारत होता. ४४ वरून वर्षअखेरीला ३९.५० च्या आत आला. निर्यातदार हवालदिल झाले होते, आणि फॉरवर्डचा भाव त्यांच्या कॉस्टिंगच्या खाली होता. तेव्हा देशभरातल्या डीलिंग रूममधून त्यांच्यासाठी नवी औषधं निघाली. तिरुपूरचे होजिअरीवाले, लुधियानाचे लोकरवाले, आमच्याकडचे इचलकरंजीच्या बाजूचे कापडवाले, सगळ्यांना ती विकली गेली. काही डॉलर-रुपयावर होती. पण पुष्कळशी डॉलर-स्विस फ्रँक आणि डॉलर-येनवर, ज्याच्याशी या माणसांचा काडीचा संबंध नव्हता. करार असा असायचा: डॉलर अमुक फ्रँकच्या खाली मुदतीत एकदाही गेला नाही तर तुम्हाला इतके पैसे मिळतील, गेला तर तुम्ही भरायचे. आणि विकणारा सांगायचा की डॉलर १.१० फ्रँकच्या खाली इतिहासात कधीच गेलेला नाही. वाक्य खरं होतं. मार्च २००८ मध्ये डॉलर एका फ्रँकच्याही खाली गेला. त्याच आठवड्यात येन १९९५ नंतर पहिल्यांदा १०० च्या आत. वर्षभराचा नफा तर सोडाच, काहींचं अख्खं भांडवल एका कागदात गेलं. आणि ज्यांनी रुपया वधारतच राहणार म्हणून दुप्पट डॉलर विकण्याचे करार केले होते, त्यांच्या मानेवर ऑक्टोबर २००८ मध्ये ५० चा डॉलर येऊन बसला.

त्या काळात आमच्या बँकेनं एका कारखानदाराला असा कागद विकला. भाव मीच काढून दिला होता. त्या एका व्यवहारात आमच्या टेबलानं जेवढं कमावलं, तेवढं त्यांच्या दोन वर्षांच्या साध्या फॉरवर्डवर मिळालं नसतं. ही गोष्ट तेव्हाच त्यांना सांगायला हवी होती: "झिरो कॉस्ट" म्हणजे तुम्ही आत्ता चेक देत नाही, इतकंच. पैसे तुम्ही कराराच्या दुसऱ्या कलमात दिलेले असतात. पुढं बरंच कोर्टकचेऱ्यांत गेलं. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे अशा करारांचे, नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला, प्रत्येकी पाच ते पंधरा लाख. बुडालेल्या कारखानदारांच्या आकड्यांशेजारी तो दंड ठेवून बघितला की आजही मान खाली जाते.

तुमच्या सल्लागाराचा प्रस्ताव तुम्ही लिहिलाय तसा आहे: दरमहा ५०,००० डॉलर ९१ नी विकायचे, फॉरवर्डपेक्षा चांगला भाव. अट पहिली, भाव ८६.५० ला टेकला तर करार आपोआप रद्द. अट दुसरी, भाव ९२ च्या वर गेला तर एक लाख डॉलर ९१ नीच द्यायचे. आता शांतपणे विचार करा. संरक्षण तुम्हाला कधी लागतं? रुपया वधारून ८४-८५ झाला तर. नेमकं तेव्हाच ते नाहीसं होतं. आणि रुपया घसरून ९६ झाला तर तुमच्याकडं नसलेले ५०,००० डॉलर बाजारातून ९६ ला घेऊन ९१ ला द्यायचे, महिन्याला अडीच लाखांचा फटका. तुमच्याकडचे खरे डॉलर किती? पीसीएफसी वजा जाता १४,०००. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच तुम्ही नसलेला माल विकताय.

शिवाय हा प्रस्ताव तुमच्यापर्यंत यायलाच नको होता. २०२० मध्ये आलेल्या नियमांनुसार ग्राहकांचे दोन वर्ग आहेत. कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी नसेल तर ती रिटेल वर्गात येते, आणि त्या वर्गाला बँक साधं फॉरवर्ड, कॉल किंवा पुट (ठरलेल्या भावानं डॉलर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) विकत घेणं, त्यांचे स्प्रेड (अशा हक्कांच्या जोड्या) विकत घेणं आणि स्वॅप (अदलाबदलीचा करार) एवढंच देऊ शकते. दुप्पट डॉलरची अट, टेकला की रद्द ही अट, हे त्यात बसत नाही. तेव्हा सल्लागाराला एकच विचारा: हा करार कोणत्या बँकेच्या लेटरहेडवर येणार, आणि तिथं मला कोणत्या वर्गात दाखवणार? उत्तर आलं तर लेखी घ्या. माझा अंदाज आहे की तो पुन्हा फोन करणार नाही.

विमाच हवा असेल तर साधा पुट ऑप्शन विकत घ्या. प्रीमियम रोख भरावा लागतो, तो टोचतो, म्हणून लोक टाळतात. पण रुपया कितीही वधारला तरी तुमचा भाव पक्का, घसरला तर फायदा पूर्ण तुमचा, आणि ऑर्डर रद्द झाली तर गेला तो फक्त प्रीमियम. सगळ्या मालावर नको. ज्या ऑर्डरची खात्री नाही तेवढ्यावर घ्या. मी असतो तर टॅरिफचा निकाल लागेपर्यंत अमेरिकेच्या मालावर फॉरवर्ड कमी आणि पुट थोडा जास्त ठेवला असता.

तुमचा धाकटा भाऊ मोबाइल ॲपवर डॉलर-येन खेळतो असं लिहिलंय, त्याला आजच थांबवा. परदेशी ॲपवरचे ते व्यवहार परकी चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ अनधिकृत मंचांची सावधान यादी काढली आणि ती वाढतच गेली आहे. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत, असंही नाही. आणि कारखान्याच्या खात्यातून तिकडं पैसे गेले असतील तर तुमची बँक पुढच्या वेळी पॅकिंग क्रेडिट वाढवताना नक्की विचारेल.

शेवटी एक, तुम्ही न विचारलेलं. २०२५ मध्ये रुपया डॉलरपुढं घसरला तेव्हा डॉलर स्वतःच जगातल्या बाकी चलनांपुढं घसरत होता. म्हणून युरो जानेवारीत ८९ रुपयांच्या आसपास होता तो डिसेंबरात १०५ च्या घरात गेला. तुमचा एक बायर जर्मनीतल्या हॅम्बर्गचा आहे, त्याला तुम्ही दोन वर्षांपासून डॉलरमध्ये बिल करता, का ते तुम्हीच जाणे. तो युरोतच विकतो आणि युरोतच कमावतो. त्याला युरोचं कोटेशन दिलं तर त्याची एक कटकट कमी होईल, आणि युरोवरचा फॉरवर्ड प्रीमियम डॉलरपेक्षा जास्त मिळतो, कारण युरोचे व्याजदर आणखी खाली आहेत. पुढचं कोटेशन पाठवण्याआधी बँकेकडून डॉलर आणि युरो दोन्हीचे तीन महिन्यांचे फॉरवर्ड भाव एकाच वेळी, सकाळी दहाच्या सुमारास मागवा. नऊला बाजार उघडतो तेव्हा पहिला अर्धा तास भाव सैरभैर असतो.